विसाव्यांवरून शहर वाचणारे वाळके सर

प्रा. यादवराव वाळके यांची आणि माझी पहिली भेट माझ्या वडिलांच्या मातीला झाली, आणि त्या दिवशी मला त्यांचा मनस्वी संताप आला होता. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये हे मला कळते. संपादक मंडळाने तसे दोनदा सुचवूनही पाहिले. पण सुरुवात जिथे झाली तिथूनच करावी, सोयीच्या ठिकाणाहून करू नये, हे आम्हाला सरांनीच वर्गात शिकवले आहे. तेव्हा मंडळाने मला क्षमा करावी.

आमच्या पळसझरीत तिरडी घरून निघाली की वाटेत एका ठरलेल्या जागी टेकवतात. त्या जागेला विसावा म्हणतात. तिथे खांदेकरी बदलतात, आणि आमच्या समाजातल्या बायका तिथूनच घरी परततात. मी तेव्हा नुकतीच बारावी झाले होते. जुन्या बसस्टँडजवळच्या विसाव्यावर बाबांना टेकवले होते. आईला दोघींनी धरले होते. इतक्यात काखेत छत्री धरलेले एक गृहस्थ माझ्या आजोबांजवळ सरकले आणि हळूच विचारू लागले, "काकाजी, हा विसावा तुमच्या लहानपनीबी इथीच होता का जी?" आजोबाही असे, की रडता रडता थांबले आणि हात वर करून सांगायला लागले, "नाई बाप्पा! तवा मारोतीपाशी होता. इथी तं निरा झुडपी होती." मी मनात म्हटले, काय माणूस आहे हा! माझा बाप जमिनीवर टेकवला आहे आणि याला चौकशा सुचताहेत.

आठ-दहा दिवसांनी तेच गृहस्थ आमच्या अंगणात येऊन बसले. गावच्या कॉलेजात इतिहास शिकवतात, असे कोणीतरी सांगितले. मी पाण्याचा गडवा जरा आदळूनच ठेवला. ते म्हणाले, "पोरी, माझं चुकलं. ते विचाराची येळ नव्हती. पन तुझ्या आजोबाले मी मंग कवा विचारू, सांग बरं? ते तरी किती दिवस राह्यतीन?" आजोबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. तोवर सर चार वेळा येऊन त्यांच्याजवळ बसून गेले होते. बाबा गेल्यावर त्या म्हाताऱ्याशी कोणी बोलतच नव्हते. सर आले की तेवढा वेळ त्यांच्या तोंडावर तरतरी यायची. माझा राग तिथेच गळाला.

त्याच अंगणात सरांनी माझ्या आईला म्हटले, "बाई, हे पोरगी मले द्या. इतिहास शिकवतो." आई म्हणाली, "इतिहास शिकून काय करन ते?" सर म्हणाले, "काई नाई करन. पन गावाले कोनी फसवून राह्यलं तं हिले समजन." एवढ्यावर आईने मला कॉलेजात घातले. आज मी वरोऱ्याजवळ एका शाळेची मुख्याध्यापिका आहे ती त्या वाक्यामुळे. गावाला कोणी फसवत असेल तर मला कळतेही. कळून काय झाले, ते पुढे येईलच.

कॉलेजात सरांचे नाव होते 'स्विंडन सर'. अभ्यासक्रमात इंग्लंडची औद्योगिक क्रांती असे, आणि ती शिकवण्यासाठी सरांनी एकच गाव धरले होते, स्विंडन. टेकडीवरचे जुने गाव, खाली रेल्वेच्या कारखान्याभोवती वाढलेले नवे गाव, कामगारांच्या दगडी घरांच्या रांगा, आणि पुढे कारखाना बंद पडल्यावरचे दिवस. सर हे असे सांगत, जणू काल तिथूनच भाजी आणली आहे. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, तुम्ही गेले होते का तिथी?" सर म्हणाले, "मी नागपूरच्या वर गेलो नाई लेका. खाली सिरोंच्यापर्यंत गेलो, तेबी बदली झाली म्हणून." सगळा वर्ग हसला. सरही हसले, आणि मग फळ्यावर त्या गावातली दफनभूमी काढायला लागले.

ती दफनभूमीच पुढे सगळ्याच्या मुळाशी निघाली. कारखान्याजवळच्या चर्चचे आवार भरून गेले म्हणून त्या लोकांनी वस्तीच्या कडेला नवी जागा केली, आणि काही वर्षांत घरे तिच्याही चारी बाजूंनी गेली. सर म्हणत, "लोकं मेलेल्याले गावाभाईर नेतात, अन् गाव मांगं मांगं येते." मी कॉलेजात येण्याच्या आधीच एका वर्षी हे सांगता सांगता त्यांना आपले विसावे आठवले होते. विसावा नेहमी गावाच्या शिवेवर असतो. गाव वाढले की जुना विसावा वस्तीत येतो, आणि कोणी न ठरवता लोक पुढे नवा विसावा धरतात. मग पळसझरी कधी किती होती हे विसाव्यांवरून काढता येईल. मारोतीजवळचा विसावा खेड्याचा. जुन्या बसस्टँडजवळचा, कापसाचा बाजार आला त्या काळचा. रेल्वे फाटकापुढचा, कोळशाच्या खाणीनंतरचा. आज पहिल्या विसाव्यावर मोबाइलचे दुकान आहे आणि दुसऱ्यावर उसाच्या रसाची गाडी लागते. तिथे रस पिणाऱ्यांना आपण कुठे उभे आहोत याची गंधवार्ता नसते.

तेव्हापासून सर गावातल्या प्रत्येक मातीला जाऊ लागले. जातपात, ओळख-बिनओळख काही पाहिले नाही. तिरडीमागून चालायचे, म्हाताऱ्यांच्या बाजूने चालायचे, आणि दुःख जरा ओसरले की विचारायचे. माझ्या अनुभवानंतर विसाव्यावर मात्र त्यांनी कोणाला काही विचारले नाही. घरी जाऊन विचारले. गावाने त्यांची टवाळीही भरपूर केली. सर कोणाच्या दारात दिसले की बाया म्हणत, "कोन गेलं वं माय?" कॉलेजातले एक प्राध्यापक दवाखान्यात होते, त्यांना भेटायला सर गेले तर ते गृहस्थ सलाइनसकट उठून बसले, "वाळके सर, तुम्ही आत्ताच काऊन आले? मी आहो अजून!" हा किस्सा सर स्वतःच रंगवून सांगत.

सर बौद्ध. विसाव्यावर पाणी फिरवणे, खड्याने मडके फोडणे यातले काही ते मानत नाहीत. कोणी टोकले तर म्हणत, "मी मानत नाई, मोजतो." पण मोजताना त्यांनी कोणाची भीडही ठेवली नाही. विसाव्यांवर ते जे पुस्तक लिहीत होते त्याच्या हस्तलिखितातले सगळ्यात अवघड प्रकरण त्यांच्याच वस्तीबद्दल आहे. एके काळी त्यांच्या वस्तीची तिरडी मारोतीसमोरून न्यायला बंदी होती. गावाला वळसा घालून चिखलातून न्यावी लागे, म्हणून त्यांचा विसावा वेगळा होता. पुढे गाव वाढले, वळशाच्या वाटेवर घरे झाली आणि नाइलाजाने सगळ्यांची वाट एकच झाली. हे प्रकरण त्यांनी वाचून दाखवले तेव्हा आमच्या समाजातले एक ज्येष्ठ चिडले, "सर, जुन्या गोष्टी काऊन उकरून राह्यले?" सर शांतपणे म्हणाले, "उकरून नाई राह्यलो जी. वरच आहेत त्या." मी तिथे होते. माझी मान खाली गेली. शहर वाढल्याचा आपल्याला एवढा एकच निखळ फायदा झाला, सगळ्यांची शेवटची वाट एक झाली, असे सर म्हणत. त्या वाटेवर त्यांचा जीव होता.

ती वाट रेल्वे फाटकापुढून खाली नाल्याकडे उतरते. नाल्याकाठी सगळ्यांच्या जागा आहेत; आमचा घाट, सरांच्या वस्तीची जागा, पलीकडे टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, गोंड कुटुंबांची माती देण्याची जागा. टोल्यावरच्यांची तर ही दुसरी. त्यांची पहिली जागा, उभ्या दगडांसकट, खाणीच्या मातीच्या ढिगाखाली गेली. तिथले एक म्हातारे बाबा सरांना घेऊन त्या ढिगासमोर उभे राहिले होते आणि बोटाने दाखवत होते, इथे माझा बाप, इथे आजा. दिसत होता फक्त राखाडी डोंगर. सर त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत, असे बाई सांगायच्या.

बाई म्हणजे सरांच्या पत्नी, शांताबाई. आम्ही सगळे विद्यार्थी त्यांना बाईच म्हणायचो. सर मातीवरून परत आले की अंगणात गरम पाण्याचा पितळी गुंड भरून तयार असे, आणि वर बाईंचे बोलणे. "झाली का हजेरी लावून? आज कोनाच्या घरचा इतिहास आनला?" आम्हा मुलींना त्या परीक्षेच्या दिवसांत डबा द्यायच्या, आणि गणित चुकले म्हणून रडणाऱ्या माझ्या मैत्रिणीला त्यांनी असे खडसावले होते की ती रडायचेच विसरली. सरांचे पाऊणशे वर्षांचे आयुष्य उभे आहे ते अर्धेअधिक या बाईंच्या खांद्यावर, हे मी ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवते.

आता वाटेचे सांगते. काही वर्षांपूर्वी नाल्याकडच्या शेतांत लेआउट पडले. प्लॉट पाडले, कमान उभी केली, बागेची चित्रे लावली. प्लॉट घेणाऱ्यांना दारासमोरून तिरड्या गेलेल्या नको होत्या. साहजिक आहे, कोणाला हव्या असतात? एके दिवशी वाटेच्या तोंडावर भिंत उभी राहिली. नगर परिषदेने सांगितले, बायपासवर नवीन मोक्षधाम बांधले आहे, शववाहिका आहे, आता काय अडचण?

सरांनी अर्ज केला. सुनावणी लागली. सरांनी सगळ्या समाजांतली म्हातारी माणसे गोळा करून नेली. काहींना ऑटोतून, एका आजीला खुर्चीसकट उचलून. प्रत्येकाने सांगितले, आम्ही या वाटेने आमची माणसे नेली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण नकाशात हा रस्ता कुठे आहे?" सर म्हणाले, "साहेब, या रस्त्यानं गेलेला मानूस नकाशा काढाले वापस येत नाई." सभागृह हसले. साहेबही हसले, त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि निकाल विरुद्ध दिला. जन्मभर लोकांच्या तोंडून इतिहास गोळा केलेल्या माणसाला, तोंडी सांगणे पुरावा धरता येत नाही असे लेखी मिळाले. सरांनी वर अपील केले. ते अजून पडून आहे.

त्यानंतर नगर परिषदेनेच सरांना शहराचा इतिहास लिहायला बोलावले, ही आणखी एक गंमत. मोठा ग्रंथ, रंगीत छपाई, स्टेजवर शाल-श्रीफळ. अट एवढीच, की विकासाचे लिहा, मसणाचे नको. सर म्हणाले, "मंग लोकं मेलेच नाई, असं लिहू का?" आणि छत्री उचलून घरी आले. बाई म्हणाल्या, "बरं केलं. शाली ठेवाले जागा नाई घरात." आजचा हा ग्रंथ आम्ही विद्यार्थ्यांनी काढला आहे तो म्हणूनच, यात कोणाची अट नाही आणि रंगीत छपाईही नाही.

याच काळात इंग्लंडात नोकरीला गेलेला सरांचा विद्यार्थी, आमचा अंकुश, एका सुट्टीच्या दिवशी खास स्विंडनला गेला आणि तिथून त्याने सरांना व्हिडिओ कॉल लावला. मी, सर, बाई असे तिघे त्या एवढ्याशा फोनवर वाकलो होतो. सर इकडून सांगत होते, "आता कारखान्याकडं चाल," आणि अंकुश खरोखर तिथे पोचत होता. कारखान्याच्या इमारतीत कपड्यालत्त्यांची दुकाने लागली होती. सर फोनवर आणखी वाकले. मग म्हणाले, "तिथी काई लिवलं आहे का, की इथी कारखाना होता म्हणून?" अंकुशने हो म्हटले, एक संग्रहालयही आहे म्हणाला. सर म्हणाले, "निदान लिवलं तं आहे." आणि फोन बाईंच्या हातात दिला. ज्या गावाबद्दल आयुष्यभर बोलले ते गाव त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा दिसले, आणि मला वाटते ते पाहून त्यांना आपल्या गावाचेच वाईट वाटले.

बाई आजारी पडल्या त्या गेल्या वर्षी. आजार लपणारा नव्हता आणि त्या लपवणाऱ्याही नव्हत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या सरांना माझ्यासमोर म्हणाल्या, "दोनच गोष्टी सांगतो. मले गाडीत नेऊ नका, ते गाडीतलं मले गरगरते. अन् माझ्या मातीत घरचा मानूस म्हणून चाला, इतिहासवाला म्हणून नाई." सर हसले नाहीत. ते म्हणाले, "आपल्या जागेवर नेतो तुले. माय-बापापाशी." भिंत उभी होती हे तिघांनाही माहीत होते.

बाईंना खांद्यावरच नेले. सरांकडे बायकाही शेवटपर्यंत जातात, त्यामुळे मी जन्मात पहिल्यांदा विसावा ओलांडून पुढे चालले. अर्धी पळसझरी होती. ज्यांच्या ज्यांच्या घरी सर कधी ना कधी खांद्याला लागले होते त्या सगळ्या घरांतून कोणी ना कोणी आले होते. मारोतीसमोरून तिरडी गेली तेव्हा दुकानदारांनी शटरे अर्धी ओढली. फाटक ओलांडून आम्ही उतारावर लागलो आणि भिंतीसमोर येऊन थांबलो.

पोट्ट्यांनी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणून ठेवलीच होती. एकाने ती उचलली. "सर, तुम्ही फक्त हो म्हणा. दोन मिनिटांत तोडतो." सगळे सरांकडे पाहत होते. मीही पाहत होते, आणि खरे सांगते, मला वाटत होते त्यांनी हो म्हणावे. त्या भिंतीचा मला इतका राग होता की सब्बल माझ्या हातात कोणी दिली असती तर मीच घातली असती.

सरांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "नको रे. भांडनात नाई न्यायचं तिले." आणि खाली टेकवा म्हणून हाताने खूण केली. बाईंना भिंतीशी टेकवले. सर बाजूला मातीतच बसले, त्यांच्या कपाळावरचे फूल सरळ केले, आणि इतक्या हळू की जवळच्यांनाच ऐकू आले, म्हणाले, "शांता, मले नाई जमलं." मग उठले, पुढचे खांदेकरी मागे झाले, मागचे पुढे झाले, सरांनी स्वतः खांदा दिला, आणि आम्ही बायपासच्या लांबच्या रस्त्याला लागलो. कोळशाचे ट्रक अंगावरून जात होते. त्या सगळ्या वाटेवर सरांनी कोणाला काही विचारले नाही. घरच्या माणसासारखे चालले.

पुढच्या महिन्यात फाटकापलीकडच्या एका तेली कुटुंबातले आजोबा गेले. त्यांच्या लोकांनी शववाहिका परत पाठवली, तिरडी खांद्यावर घेतली, भिंतीपर्यंत नेली, तिथे टेकवली, आणि मग वळून बायपासने गेले. मग सरांच्या वस्तीतल्या एका बाईंना नेले, तेही तसेच. मग टोल्यावरच्यांनी, मग आमच्यातल्यांनी. कोणी बैठक घेतली नाही, कोणी ठरवले नाही. पळसझरीचा चौथा विसावा आता त्या भिंतीशी आहे, आणि तो सगळ्या जातींचा एक आहे. लेआउटवाल्यांची मोठी पंचाईत झाली आहे. दारावरून तिरडी जाऊ नये म्हणून बांधलेल्या भिंतीशी आता तिरड्या येऊन थांबतात.

मी धावत जाऊन सरांना हे सांगितले. मला वाटले त्यांना बरे वाटेल, शेवटचे प्रकरण मिळाले म्हणतील. ते खिडकीशी बसले होते. म्हणाले, "ते मी नाई लिवू शकत. त्याच्यात मी आहो." पुस्तक तेवढ्यावर थांबले आहे. सर आता मातीला जात नाहीत. गुडघे आहेत, आणि मनही आहे. अंगणात गुंड रिकामा पडलेला असतो. आम्ही विद्यार्थी आळीपाळीने जाऊन बसतो, पण सर विचारत नाहीत काही. ज्या माणसाने साऱ्या गावाला विचारून विचारून भंडावले त्याचे असे गप्प बसणे मला सोसत नाही. ते गौरवग्रंथात लिहू नये कदाचित, पण लिहिले.

सर, पाऊणशे वर्षे पूर्ण केल्याबद्दल रीतीप्रमाणे तुम्हाला शंभर वर्षे मागावीत, तर मी ती मागत नाही. नाल्याची वाट उघडेपर्यंत तुम्ही जगा, एवढेच मागते. आपल्या शहराचा कारभार मी ओळखून आहे. याहून लांब आयुष्य मला सुचत नाही. गुडघ्यांना तेल लावत जा, डॉक्टर सांगतात तेवढे फिरत जा, आणि अपिलाची तारीख लागली की आम्हाला हाक मारा. वाट उघडेल त्या दिवशी पहिले पाऊल तुमचे पडू द्या. चालत जा, सर. आम्ही मागून येतो.